खान्देशातून आलेल्या आईवडिलांना डिस्ने वर्ल्ड कसं फिरवायचं

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की आपल्याकडची बरीच मंडळी अमेरिकेत पोरापोरींकडे निघते, जळगाव-भुसावळहून मुंबई, तिथून विमान आणि मग तीन-चार महिने नातवंडांसोबत. आजी-आजोबा आले की नातू डिस्नेचा हट्ट धरतोच आणि मग घरात चर्चा एकच, कोणत्या राइडला किती लाइन. माझं म्हणणं जरा वेगळं आहे भो. साठी-सत्तरीतली माणसं सोबत असतील तर राइडची यादी मागाहून करा, आधी ठरवा की इकडून तिकडं कशानं जायचं. तिथली फेरीबोट, मोनोरेल, रोपवे, वाफेची गाडी ह्याच गोष्टी आपल्या लोकांना जास्त आवडतात, सगळं बसून होतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना एक पैसा लागत नाही. खाली सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय. तुमच्याकडं नुसती कॉलेजची पोरं येणार असतील तर हा लेख सोडून द्या, त्यांचं गणित वेगळं.

कोणतं डिस्ने, ते आधी बघा

डिस्नेलँड आणि डिस्ने वर्ल्ड ह्या दोन वेगळ्या जागा आहेत. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात अनाहाइमला, १९५५ चं, तिथं दोन पार्क समोरासमोर, एकातून निघून दुसऱ्यात चालत जाता येतं. डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं आणि त्याचा पसारा साधारण १०० चौरस किलोमीटरचा. त्यात चार पार्क, मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम, शिवाय दोन वॉटर पार्क, हॉटेलं, तळी, जंगल. पार्क एकमेकांपासून इतके लांब की बस, गाडी, बोट काहीतरी लागतंच. युनिव्हर्सल पण ऑरलँडोतच आहे पण ती वेगळी कंपनी, वेगळं तिकीट, त्याला ह्यात मिसळू नका.

हा लेख फ्लोरिडावाल्याचा.

दिवस आणि तिकीट

एका दिवशी एकच पार्क. एकाच दिवसात अनेक पार्क फिरू देणारं पार्क हॉपर नावाचं महागडं तिकीट मिळतं, पण म्हातारी माणसं घेऊन दुपारी बस बदलत बसायचं म्हणजे पैसे देऊन दमणूक विकत घ्यायची. तीन दिवसांचं तिकीट असेल तर मॅजिक किंगडम, एप्कॉट, अ‍ॅनिमल किंगडम असं करा आणि मधे एक दिवस मोकळा ठेवा, त्याचं काय करायचं ते पुढं सांगतो. हॉलीवूड स्टुडिओज मी सरळ गाळायला सांगतो, घरात स्टार वॉर्सचं किंवा टॉय स्टोरीचं वेड असलेलं पोरगं असेल तरच जा, आजी-आजोबांना तिथं बसून बघण्यासारखं त्या मानानं कमी.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणं बदलतो, एका दिवसाचे शंभर डॉलरच्या वर धरून चाला. तीन वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही, तीन ते नऊ लहान मुलांचं, दहापासून पुढं मोठ्यांचं. आणि आईवडिलांना तिकीट रुपयांत किती झालं हे परत येईपर्यंत सांगू नका, नाहीतर आई दिवसभर केळीच्या घडांचा भाव लावत बसते आणि आइस्क्रीमलासुद्धा नको म्हणते.

फोनवर माय डिस्ने एक्सपिरियन्स नावाचं अ‍ॅप घेऊन ठेवा, तिकिटं, लाइनीच्या वेळा, जेवणाची ऑर्डर सगळं त्यातच. पॉवर बँक न्याच, संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकत नाही.

राहायचं कुठं, विमानतळावरून यायचं कसं

पूर्वी डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना विमानतळावरून फुकट बस असायची, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, जुन्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका. आता उबर, पैसे देऊन मिळणारी शटल किंवा भाड्याची गाडी.

डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर चारही पार्कांना जायची डिस्नेची सोय फुकट आणि पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात. जवळच्या किसिमी गावाकडं बाहेरची हॉटेलं बरीच स्वस्त असतात, पण मग रोजचं पार्किंग किंवा उबर हिशोबात धरा. माझ्या मते बजेटमध्ये बसणारा चांगला पर्याय म्हणजे पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, डिस्नेच्या स्वस्त गटातली हॉटेलं आहेत आणि रोपवे दाराशी आहे.

त्या रोपवेला स्कायलायनर म्हणतात, २०१९ मध्ये सुरू झाला. एका डब्यात दहा माणसं बसतात, मधे कॅरिबियन बीच नावाच्या हॉटेलपाशी मोठं स्टेशन, तिथून एक तार एप्कॉटला जाते, एक हॉलीवूड स्टुडिओजला. डबा पूर्ण थांबत नाही, हळू होतो तेवढ्यात चढायचं, आईला गुडघ्याचा त्रास असेल तर कर्मचाऱ्याला सांगा, व्हीलचेअर आणि हळू चढणाऱ्यांसाठी बाजूला डबा थांबवायची सोय असते. एसी नाही पण हवा खेळती असते. वीज कडाडायला लागली किंवा वारा सुटला की बंद करतात, म्हणून त्याच्याच भरवशावर राहू नका, बसचा थांबा कुठंय ते सकाळीच बघून ठेवा.

मॅजिक किंगडम: गेटपर्यंतचा प्रवास

इथं नवखे लोक गोंधळतात. तुम्ही गाडीनं किंवा उबरनं गेलात तर मॅजिक किंगडमच्या गेटवर उतरताच येत नाही. पार्किंग तळ्याच्या अलीकडं आहे, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर म्हणतात त्याला, तिथं बॅगा तपासतात आणि मग तिथून मोनोरेलनं किंवा फेरीबोटीनं पलीकडं जायचं. गाडी लावल्यापासून गेटपर्यंत पाऊण तास सहज धरा. डिस्नेच्या हॉटेलातून बसनं आलात तर बस थेट गेटजवळ सोडते, हा मोठा फायदा.

जाताना बोट घ्या. दुमजली मोठी बोट आहे, सहाशे माणसं मावतात, पाच-सात मिनिटांत सोडते आणि वरच्या मजल्यावर पुढं उभं राहिलं की समोरून किल्ला हळूहळू मोठा होत येतो. येताना मोनोरेल. त्यातही दोन गाड्या आहेत, एक एक्स्प्रेस, सरळ पार्किंगला, दुसरी तीन हॉटेलांना थांबत जाणारी. दोन्ही गाड्या कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या इमारतीच्या पोटातूनच जातात, पण घाई नसेल तर दुसरी घ्या, ती तिथं थांबते, वर-खाली लोक कॉफी पीत बसलेले दिसतात.

आत शिरल्या शिरल्या डोक्यावरच स्टेशन आहे, वाफेच्या गाडीचं. आणि हे अगदी भुसावळकरांसाठी सांगतो. ही खेळण्यातली गाडी नाही. चार इंजिनं आहेत, चारही फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली, १९१६ ते १९२८ मधली, मेक्सिकोच्या युकातानमध्ये खरीखुरी धावलेली, तिथून १९६९ मध्ये डिस्नेनं विकत घेऊन दुरुस्त केलेली. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या पाचोरा-जामनेरच्या जुन्या छोट्या गाडीच्या, पीजेच्या, रुळांपेक्षा अर्ध्या फुटानं रुंद. बॉयलर आजही वाफेवर, फक्त खाली कोळशाऐवजी तेल जळतं. आमचे आप्पा लोको शेडात आयुष्य काढलेले, ते डब्यात बसायच्या आधी इंजिनाजवळ जाऊन ड्रायव्हरशी बोलायला लागले, इंग्रजी मोजकं पण हातानं रेग्युलेटर, इंजेक्टर सगळं दाखवत होते आणि तो ड्रायव्हर पण खुशीत घंटा वाजवून दाखवत होता. गाडी स्टेशनात उभी असताना इंजिनापाशी जाऊन विचारलं तर बहुतेक वेळा बोलतात, नावं पण सांगतात, प्रत्येक इंजिनाला नाव आहे.

दुसरी बसून करायची गोष्ट पीपलमूव्हर. पार्कच्या टुमॉरोलँड नावाच्या भागात वरून उघड्या डब्यातून दहा मिनिटं फिरवतात, लाइन सहसा छोटी, वारा लागतो, पाय मोकळे होतात. फक्त चढायला सरकता उतार आहे. साडी नेसलेल्या बाईनं तिथं पदर खोचून घ्यावा आणि एका बाजूला कोणीतरी हात धरावा. हाँटेड मॅन्शन आणि एप्कॉटचा मोठा गोळा, स्पेसशिप अर्थ, इथंही सरकत्या पट्ट्यावरूनच डब्यात चढायचं असतं, पण तिथं कर्मचाऱ्याला आधी सांगितलं तर पट्टा हळू करतात किंवा थांबवतात. लाजू नका, रोजचं काम आहे त्यांचं.

पोरांच्या उंचीचं पण बघून घ्या, घरीच मोजा. स्पेस माउंटनला ११२ सेंटिमीटर, ट्रॉनला १२२, सेव्हन ड्वार्फ्सला ९७ च्या आसपास. लहानगं बसू शकत नसेल तर रायडर स्विच मागा, आई-बाप आळीपाळीनं बसतात, दुसऱ्याला परत लाइन लावावी लागत नाही.

एप्कॉट: शेतकऱ्याला घेऊन गेलात तर अर्धा दिवस इथंच

मॅजिक किंगडमच्या पार्किंगपाशी जे सेंटर आहे, तिथून एप्कॉटला वेगळी मोनोरेल आहे, ती पार्कच्या आतून वळसा घेऊन मग स्टेशनात थांबते. स्कायलायनर मागच्या दारानं आणतं, जगातल्या देशांच्या बाजूला. तिथं तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत, पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास. आई विचारणारच की आपला भारत कुठंय, तर नाहीये. चीन आहे, जपान आहे, मोरोक्को आहे, आपण नाही. फेरी पूर्ण चालायची नसेल तर तळ्यातून बोट सोडते, तीच घ्या.

पण खरी गोष्ट पुढच्या भागात आहे, द लँड नावाच्या इमारतीत. लिव्हिंग विथ द लँड. होडीत बसवतात, चौदा-पंधरा मिनिटांची सफर, आधी थोडं अंधारातलं नाटक आणि मग होडी सरळ खऱ्या ग्रीनहाऊसमध्ये शिरते. केळी, पपई, फणस, टोमॅटोचं झाडासारखं वाढवलेलं वेल, मुळं हवेत लोंबकळणारी भाजी, मातीशिवाय नुसत्या पाण्यावरचं पीक, मासे. इथलं पीक डिस्नेच्याच रेस्टॉरंटात जातं. रावेर-यावलचा केळीवाला माणूस इथं बसला की त्याला मिकी माऊस आठवत नाही. आमच्यासोबतच्या एका काकांनी केळीचा घड बघून पहिलं विचारलं की फण्या किती आणि दुसरं, इथं ठिबक की नुसतं पाणी. जळगावची जैन हिल्सची आधुनिक शेती बघितलेल्या माणसाला ह्यातलं बरंच ओळखीचं वाटतं, म्हणूनच तो बारकाईनं बघतो.

होडीवाल्या सफरीत प्रश्न विचारता येत नाहीत. त्यासाठी बिहाइंड द सीड्स नावाची टूर आहे, पैसे वेगळे, तासाभराची, माणूस सोबत येऊन त्याच ग्रीनहाऊसमधून चालत फिरवतो. राजकन्येसोबतचं जेवण, स्टार वॉर्समधली दिव्याची तलवार बनवणं असल्या महागड्या खास अनुभवांपेक्षा खान्देशी शेतकऱ्यासाठी मी डोळे झाकून हीच टूर सांगेन. आधी बुक करा, गट छोटे असतात. दुभाष्याचं काम तुम्हालाच करायचंय, तेव्हा ठिबक, रोप, कलम ह्यांचे इंग्रजी शब्द जरा घोकून जा.

अ‍ॅनिमल किंगडम

इथं मोनोरेल नाही, रोपवे नाही, फक्त बस किंवा गाडी. सकाळी उघडताच जा आणि आधी किलिमांजारो सफारी करा, उघड्या ट्रकमधून वीसेक मिनिटं, जिराफ, हत्ती, गेंडा, सिंह. उन्हं वर आली की जनावरं सावलीला जातात. ट्रक मुद्दाम खडबडीत रस्त्यानं नेतात, कंबरेचं ऑपरेशन झालेल्यांनी विचार करून बसावं.

आशियाच्या भागात आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव उभं केलंय, पडक्या भिंती, रंग उडालेल्या पाट्या, घंटा, आणि महाराजा जंगल ट्रेकमध्ये पडक्या राजवाड्याच्या आवारात खरे वाघ. म्हातारी माणसं तिथं हसतात, म्हणतात एवढे पैसे भरून आमचीच पडकी भिंत दाखवता का रे. पण वाघ निवांत बघायला मिळतात, चालायचा रस्ता सावलीचा आहे, अर्धा तास द्या.

जेवायला सना नावाच्या रेस्टॉरंटात जा. पार्कात नाही, अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी भागात आहे, पार्कवरून तिथली बस मिळते. भारतीय आणि आफ्रिकन मिळून जेवण, नान, पापड, पराठा अशा पोळ्या आणि सोबत वाट्या-वाट्या चटण्या असा ब्रेड सर्व्हिसचा प्रकार आहे, शाकाहारी माणसाचं पोट भरतं, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. खिडकीची जागा मिळेलच असं नाही पण मागा. टेबल साठ दिवस आधीपासून बुक करता येतं. तिखट म्हणाल तर आपल्या ठेच्याच्या जवळपास पण नाही.

मोकळा दिवस, बिनतिकिटाचा

मोनोरेल, बोटी, स्कायलायनर, बस, ह्या सगळ्यांना पार्कचं तिकीट लागत नाही. म्हणून मधला एक दिवस नुसता ह्यातच घालवा. सकाळी स्कायलायनरनं इकडून तिकडं, दुपारी हॉटेलात झोप, चारनंतर मोनोरेलनं तिन्ही हॉटेलं उतरत-चढत बघायची, अंधार पडला की पॉलिनेशियन हॉटेलच्या वाळूत बसायचं. तिथून तळ्यापलीकडची मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते आणि रात्री दिव्यांच्या तराफ्यांची मिरवणूक पाण्यावरून जाते, ती १९७१ पासून चालू आहे. पार्कात खांद्याला खांदा लावून उभं राहून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. खरेदीचा शौक असेल तर डिस्ने स्प्रिंग्ज, तिथं पार्किंगपण फुकट, पण तिथून पार्कात जायची थेट बस धरून चालू नका.

पैसे टाकून लाइन टाळायची का

लाइटनिंग लेन म्हणतात त्याला. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर सात दिवस आधी, बाहेर असाल तर तीन दिवस आधी, सकाळी सातला अ‍ॅपवर निवडायची. मॅजिक किंगडमला घ्या, बाकी ठिकाणी वर सांगितलं तसंच फिरणार असाल तर गरज नाही. घेतलीच तर नुसत्या पोरांसाठी आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या एका मोठ्यासाठी घ्या, आजी-आजोबांसाठी पैसे घालू नका.

व्हीलचेअर मात्र लाजेखातर टाळू नका. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, वडील गावाकडं रोज मळ्यात जात असले तरी सिमेंटवरचं चालणं वेगळं. गेटपाशीच भाड्यानं मिळते. तिच्यामुळं लाइन टळते असं काही नाही, लाइन तीच, पण बसून. आणि कोरे बूट घालून आणू नका कोणाला, घरी महिनाभर वापरलेलेच.

खाणं आणि हवा

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, काचेची बाटली आणि दारू सोडून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडे मुरमुरे, फळं, सगळं चालतं. पाणी विकत घ्यायचं कारण नाही, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी कपात फुकट देतात.

आता उन्हाचं. जळगावचा ४५ चा मे सोसलेली माणसं ऑरलँडोच्या ३३-३४ ला हसतात, पण ते ऊन दमट असतं, घाम वाळतच नाही आणि दुपारपर्यंत माणूस गळून जातो. जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटासह पाऊस बऱ्याचदा असतोच, वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद. म्हणून सकाळी सात-आठला निघा, एक-दीडला हॉटेलवर या, झोपा, पाचला परत. तिकीट दिवसभराचं असतं, परत आत घेतात. प्लास्टिकचे रेनकोट घरूनच न्या.

छोट्या फुकटच्या गोष्टी

आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस जवळपास असेल, किंवा पहिलीच वेळ असेल, तर गेस्ट रिलेशन्स नावाच्या मदत काउंटरवर सांगून त्याचा बिल्ला मागा, पैसे नाहीत. छातीवर लावला की दिवसभर कर्मचारी थांबून अभिनंदन करतात, आमच्या आईनं तो बिल्ला विमानातपण काढला नाही. किल्ल्यासमोर डिस्नेचे फोटोवाले उभे असतात, ते तुमच्या फोनवर पण फोटो काढून देतात, मागायचं फक्त. सेल्फी स्टिक आत नेऊ देत नाहीत.

रात्री निघताना

आतषबाजी संपली की सगळं गाव एकदम दाराकडं धावतं. तुम्ही धावू नका. मेन स्ट्रीटची दुकानं पार्क बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात, तिथं बाकावर बसवा, पोरांना काहीतरी खायला द्या, अर्ध्या तासानं निघा. मोनोरेलची लाइन मोठी दिसली तर बोट बघा, एका खेपेला जास्त माणसं जातात.

आणि गर्दीत चुकामूक होतेच, तेव्हा सकाळीच प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी टाका, त्यावर इंग्रजीत तुमचा फोन नंबर, हॉटेलचं नाव आणि बसचा थांबा. आईवडिलांच्या फोनमध्ये अमेरिकेचं सिम हवंच, व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर नको. हरवलं तर जागचं हलायचं नाही आणि नावाची पाटी छातीवर लावलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला ती चिठ्ठी दाखवायची, एवढं त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.